दम्याच्या फाइलीतलं हृदय

१ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० गावा-शहरांमधल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात कोण आलं आणि कशासाठी आलं, याची नोंद ठेवली. ही कल्पना पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनची. दिवसअखेर हाती आल्या २ लाख ४ हजार ९१२ रुग्णांच्या नोंदी. निम्म्याहून थोडे अधिक लोक खोकला, धाप, कफ अशी श्वासाचीच काहीतरी तक्रार घेऊन आले होते. निदानांची यादी लावली तेव्हा पहिला नंबर लागला उच्च रक्तदाबाचा, १४.५२ टक्के. दुसरा नंबर श्वासनलिका अरुंद करणाऱ्या आजारांचा, म्हणजे दमा आणि सीओपीडीचा: १४.५१ टक्के. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१५ साली हा अहवाल आला, तेव्हा चर्चा झाली ती दुसऱ्या आकड्याची. फुप्फुसांचे आजार एवढे असतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

हे दोन आकडे एकमेकांना चिकटून बसले हा योगायोग. पण हे दोन आजार एकमेकांत गुंतलेले आहेत, हा योगायोग नाही. जुनाट फुप्फुसविकार असलेल्या माणसाच्या धमन्या त्याच्या वयापेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. त्याला हृदयविकाराचा झटका येण्याचा, पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे डॉक्टरांच्या परिषदांमध्ये आता वीस-पंचवीस वर्षं बोललं जातं. घरात मात्र अजून पोचलेलं नाही.

बडोद्याचा नागरवाडा घ्या. गायकवाडी अमलात बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या जुन्या शहराच्या या भागात अजून आहेत. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना लागून, जुन्या घरांचे लाकडी जिने उभे. अशा घरात वरच्या मजल्यावर राहणारं एखादं सत्तरीतलं माणूस असतंच, जे जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतं आणि कठड्याला धरून दोन मिनिटं काही बोलत नाही. घरातले सांगतात, ‘त्यांना दमा आहे.’ तेवढ्यावर विषय संपतो. छातीत पंप ओढायचा, दम खाली बसला की पुढच्या पायऱ्या चढायच्या.

त्या माणसाला बहुतेक वेळा दमा नसतो. दमा लहानपणापासून असू शकतो, येतो-जातो, मधल्या काळात श्वास मोकळा असतो. चाळिशीनंतर सुरू झालेला, सकाळी कफ काढायला लावणारा, वर्षागणिक थोडा थोडा वाढणारा आणि कधीच पूर्ण न सुटणारा असा जो त्रास असतो, तो सीओपीडी. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्याच २०१८च्या एका अभ्यासानुसार भारतात याचे रुग्ण १९९० साली २ कोटी ८१ लाख होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले. त्या वर्षी देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयाच्या धमन्यांचा विकार पहिला होता आणि सीओपीडी दुसरा.

कारण विडी-सिगारेट असं सगळ्यांना पाठ असतं. बडोद्याला तर विडीचं मूळ शेजारीच आहे. आणंद-नडियादकडच्या चरोतर पट्ट्यातला तंबाखू विडीसाठीच नावाजलेला. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, म्हणून ती सौम्य, असा एक समज जुन्या माणसांत फार पक्का आहे. प्रत्यक्षात विडी विझू नये म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातात. तरीही हिशेब विडीवर संपत नाही. त्याच २०१८च्या अभ्यासात सीओपीडीने होणाऱ्या एकूण हानीपैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा होता, यात घरातला धूरही आला. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के. चूल, कोळशाची शेगडी, बंद खोलीतली उदबत्ती, खाटेखाली सरकवलेली डासांची कॉइल. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ साली मोजलं गेलं आहे. ज्या आजीने उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिच्या फुप्फुसाची अवस्था मुरलेल्या विडीबहाद्दरासारखी निघते ती अशी.

आता हृदयाकडे. सीओपीडीचा रुग्ण कशाने जातो, याचं घरगुती उत्तर ‘श्वास अडकून’ असं असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ या मोठ्या औषध-चाचणीत ६,११२ रुग्ण होते. त्यात दगावलेल्यांची प्रत्येक नोंद तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने तपासली. १००पैकी ३५ मृत्यू श्वसनाच्या कारणाने, २१ कॅन्सरने आणि २७ हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने निघाले. हे रुग्ण बऱ्यापैकी आजारी होते. आजार सौम्य असताना तर फुप्फुसापेक्षा हृदयच अधिक दगा देतं. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त सौम्य ते मध्यम आजाराच्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, तो आकडा १० टक्क्यांनी घसरला की हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. फुंकर मोजायच्या यंत्राने हृदयाचं भविष्य सांगावं, हे जरा चमत्कारिकच.

या नात्याचा एक धागा भारतात फार पूर्वी सापडला होता. ब्रह्मदेशात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. एस. पद्मावती दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात आल्या आणि देशातल्या पहिल्या हृदयरोगतज्ज्ञ महिला ठरल्या. पन्नासच्या दशकात त्यांच्यासमोर अशा बायका येत होत्या ज्यांचे पाय सुजलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या आणि हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला असे. फुप्फुसात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. पाश्चात्त्य पुस्तकांत हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार होता. पद्मावतींनी १९५९ साली दिल्लीतल्या १२७ रुग्णांवर लेख लिहिला आणि पुढे १९७६ साली बायका-पुरुषांची तुलनाच मांडली: पुरुषांत धूम्रपान करणारे ७५ टक्के, बायकांत जेमतेम १० टक्के, तरी आजाराचं प्रमाण दोघांत सारखं, उलट बायकांना तो १०-१५ वर्षं आधी गाठत होता. बोट चुलीच्या धुराकडे जात होतं. उज्ज्वला योजनेचा पहिला सिलिंडर २०१६ साली मिळाला, हे या तारखांशेजारी ठेवून पाहावं. डॉ. पद्मावती १०३ वर्षांच्या होऊन २०२० साली कोविडने गेल्या.

उजव्या बाजूची ही गोष्ट डॉक्टरांना पाठ होती. डाव्या बाजूकडे, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांकडे, लक्ष गेलं ते उशिरा.

निरोगी महाधमनी प्रत्येक ठोक्याबरोबर थोडी फुगते आणि परत आकसते. तिच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचं ताणलं जाणारं प्रथिन असतं. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुगतात-आकसतात त्याही याच इलॅस्टिनच्या जोरावर. धुराने पेटलेल्या पेशी जी पाचकद्रव्यं सोडतात ती इलॅस्टिन कुरतडतात, आणि ती फक्त फुप्फुसात थांबत नाहीत. एडिंबरातल्या संशोधकांनी २००७ साली सीटी स्कॅनवर फुप्फुसाची झीज मोजली आणि त्याच रुग्णांच्या धमन्यांचा ताठरपणाही मोजला. जितकी झीज जास्त, तितक्या धमन्या ताठ. यात वयाचा आणि विडी-सिगारेटचा हिशेब वजा केला तरी संबंध उरतच होता.

ताठ धमनीचं काय बिघडतं? उन्हात वर्षं काढलेल्या बागेच्या नळीसारखी ती होते: पाणी सोडलं की फुगत नाही, दाब सरळ टोकापर्यंत आदळतो. हे पाहायला मोठं यंत्र लागत नाही, दवाखान्यातला रक्तदाबाचा पट्टाही पुष्कळ सांगतो. वरचा आकडा १६० आणि खालचा ७० आला, की घरचे खालच्या आकड्यावर खूश होतात. दोहोंतलं ९०चं अंतर हीच खरी खूण असते. वरचा दाब मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या नाजूक नळ्यांवर आदळतो. खालचा दाब पडल्यामुळे हृदयाला स्वतःला रक्त कमी मिळतं, कारण हृदयाच्या धमन्या भरतात त्या दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत.

त्यावर भर पडते जळजळीची. सीओपीडीच्या फुप्फुसात कायम धुमसत असलेला दाह रक्तात झिरपतो. सीआरपी नावाची रक्ततपासणी त्याची चुगली करते. अशा रक्तात धमनीच्या आत साचलेली चरबीची गाठ अस्थिर होते. नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात सीओपीडीच्या रुग्णांच्या मानेच्या धमन्यांमध्ये भिंत जाड होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट होतं, आणि फुटायला सोप्या अशा चरबीच्या गाठीही जास्त सापडल्या. हवा बाहेर टाकता न आल्याने फुगून राहिलेली छाती हृदयाला दाबते ते वेगळंच.

एवढं सगळं वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. पण काही दिवस असे येतात जेव्हा घाई होते. कफ हिरवट होतो, धाप वाढते, ताप येतो, डॉक्टर अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड देतात. घरात याला ‘दम्याचा अटॅक’ म्हणतात आणि चार दिवसांनी ‘आता बरं आहे’ असं नातेवाइकांना फोनवर कळवतात. तेच दिवस सर्वांत धोक्याचे. ब्रिटनमधल्या नोंदी तपासून २०१० साली दिसलं की अशा बिघाडानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. २०१८ साली १६,०००हून अधिक रुग्णांच्या ‘समिट’ चाचणीतून कळलं की पहिल्या महिन्यात हृदय व रक्तवाहिन्यांचं काही गंभीर होण्याचा धोका जवळजवळ चौपट होतो; रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तर सुमारे दहापट. त्याच वर्षी कॅनडातून आलेला एक अभ्यास फ्लूबद्दल होता: फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट.

बडोद्यात हा बिघाडांचा काळ साधारण उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आगेमागे येतो. पहाटेचा गारठा, गच्चीवर दिवसभर उभं राहणं, नंतर सर्दी-खोकला, आणि उंधियु-जलेबीबरोबर दिवसभर तोंडात टाकलेलं खारं. हे शहर खाण्यात पाप करायला लावतंच. सेव-उसळ, लीलो चिवडो, भाखरवडी यांतलं मीठ कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, सगळं मिळून. ताठ धमन्यांच्या माणसाला त्या चमच्याचा हिशेब इतरांपेक्षा जास्त लागतो.

मग निदान का चुकतं? कारण दोन्ही आजारांचं पहिलं लक्षण एकच: चढताना धाप. हृदयाला रक्त कमी पडलं की प्रत्येकाच्या छातीत दुखतंच असं नाही; वयस्कर माणसांत, मधुमेह्यांत, बायकांत नुसती धाप लागते. सीओपीडीचं लेबल एकदा चिकटलं की ती धाप त्याच्याच खात्यावर जमा होते. नॉर्वेतल्या एका रुग्णालयात सीओपीडीच्या रुग्णांचे ईसीजी पुन्हा तपासले, तेव्हा पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा असलेल्या बऱ्याच जणांच्या कागदांत त्या झटक्याचा उल्लेखच नव्हता. छातीचे डॉक्टर एक, हृदयाचे दुसरे, फाइली दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि एकाकडे जाताना दुसरी पिशवी घरी राहते.

औषधांतही हीच ओढाताण. हृदयविकारात बीटा-ब्लॉकर नावाच्या गोळ्या जीव वाचवतात, पण ‘दमा आहे’ म्हटलं की पूर्वी त्या सरसकट बंद केल्या जात. दमा आणि सीओपीडी यांत फरक करायला हवा तो इथेही: खऱ्या दम्यात सावधगिरी योग्यच, सीओपीडीत मात्र मेटोप्रोलोल, बायसोप्रोलोल यांसारख्या मुख्यतः हृदयावरच काम करणाऱ्या गोळ्या गरज असेल तर देता येतात, हे आता मान्य आहे. ‘गरज असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. २०१९ साली ५३२ सीओपीडी रुग्णांवर, ज्यांना हृदयासाठी ही गोळी लागत नव्हती अशांवर, मेटोप्रोलोल वापरून पाहिलं; फुप्फुसाचे बिघाड कमी झाले नाहीत, उलट रुग्णालयात न्यावं लागेल असे बिघाड वाढले. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचंही तसंच: फुप्फुसाचे बिघाड टाळण्यासाठी ती दिली तर २०१४च्या चाचणीत काही उपयोग दिसला नाही, पण ज्याला हृदयासाठी ती लागते, त्याची ती बंद करायचं त्यात कारण नाही. दुसऱ्या बाजूने, दुकानातून परस्पर आणलेल्या थिओफिलिनच्या गोळ्या हृदयाचे ठोके बिघडवतात आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड साखर आणि रक्तदाब दोन्ही वर नेतं. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून पंप टाळून गोळ्यांवर राहणारे लोक नेमका उलटा सौदा करतात; पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून त्याची मात्राही गोळीच्या मानाने अगदी थोडी असते.

तपासण्या महागड्या नाहीत. फुंकर मोजायची चाचणी, स्पायरोमेट्री, ही मुळात झालेली असावी. ऑपरेशननंतर घरी आणलेलं तीन गोळ्या वर उचलायचं प्लॅस्टिकचं खेळणं म्हणजे ती चाचणी नव्हे. एक ईसीजी. दोन्ही हातांचा रक्तदाब. साखर आणि कोलेस्टेरॉल. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक कपाटांत अजून आहे, त्यात नवे सेल घालावेत. आकडा सतत ८८च्या आसपास किंवा खाली राहत असेल तर डॉक्टरांना सांगावं. ऑक्सिजन खरोखरच इतका कमी असलेल्यांना तो दिवसाला किमान १५ तास दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१च्या दोन जुन्या चाचण्यांपासून ठाऊक आहे. फ्लूची लस दरवर्षी. आणि विडी आजच बंद. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांसाठी आशा बहेन जो तक्ता भरते, त्यात स्वयंपाकाचं इंधन कोणतं, धाप लागते का, असे प्रश्न आहेतच. ती दारात आली की ‘आम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नये.

उरला व्यायाम, आणि इथे बडोद्याला लाजायचं कारण नाही. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर आणि त्याचे राजरत्न प्रो. माणिकराव यांचं नाव महाराष्ट्रातही माहीत होतं. द. चिं. मजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६पासून याच शहरातून काढले. फुप्फुसाच्या रुग्णाला मात्र घरचे ‘बसा, दमू नका’ असंच सांगतात. बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू वाळतात, कमी कामालाही जास्त ऑक्सिजन लागतो आणि धाप आणखी लवकर लागते. म्हणून सहा-आठ आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम हा आज सीओपीडीच्या उपचारांचा भक्कम भाग आहे. त्याने रुग्ण लांब चालू लागतो आणि धाप कमी लागते.

सुरुवात चालण्यापासून करावी, आणि ती डॉक्टरांना विचारून. नागरवाड्याच्या गल्लीत स्कूटर चुकवत चालण्यापेक्षा सकाळी उन्हं आल्यावर कमाटीबाग बरी. सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने, धाप वाढली की बाकावर. थांबायला कशाने भाग पडलं, याकडे मात्र लक्ष हवं. धापेने थांबलं तर एक गोष्ट. पोटरीत पेटका येऊन थांबावं लागलं आणि दोन मिनिटं उभं राहिल्यावर तो आपोआप गेला, तर ती पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. जर्मनीतल्या सीओपीडी रुग्णांच्या एका मोठ्या गटात १००पैकी सुमारे ९ जणांच्या पायांत हा दोष सापडला होता, तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत २ जणांपेक्षाही कमी. त्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचा भागाकार करतात, उत्तर ०.९च्या खाली आलं तर हृदयाचीही नीट तपासणी लागते. पोटरीच्या पेटक्याला वय झाल्याचं लक्षण समजून रुग्ण बहुधा गप्प बसतात, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा पायांबद्दल विचारायचं त्यांच्याही डोक्यात नसतं.